थर्ड कुठे गेला?

अण्णा स्वतः गाडी चालवत नसतात तेव्हा सगळ्यात जास्त चालवतात. डावीकडच्या सीटवर बसले, पट्टा लावला, चष्मा पुसला, की त्यांचा डावा पाय हळूच पुढे सरकून मॅटवर टेकतो. तिथे क्लच नाही. पण सून क्लच दाबते त्याच क्षणी अण्णाही दाबतात, आणि मॅटला त्या जागी आता चांगलं बोटभर भोक पडलं आहे. गाडी फाटकाबाहेर पडते, फर्स्ट होतो, सेकंड होतो, पुढे रस्ता मोकळा मिळतो म्हणून सून जरा रेटून वेग घेते आणि सेकंडमधून सरळ फोर्थ टाकते.

“थर्ड?”

एवढंच विचारतात. आवाजात राग नसतो. पंगतीत वाढपी आपल्याला ओलांडून पुढे गेला की जो सूर लागतो, तो असतो.

आमच्याकडे त्यांना अण्णा म्हणतात. तुमच्याकडे भाऊकाका असतील, नाहीतर बापूसाहेब. ह्या मंडळींना वेगाचं काही वाटत नाही. उलट्या दिशेने येणाऱ्या ट्रॅक्टरचं वाटत नाही. सिग्नलला पुढच्या गाडीच्या डिकीत नाक खुपसून उभं राहण्याचं तर भूषणच वाटतं. गिअर गाळलेला मात्र खपत नाही. गाळलेला गिअर आत कुठेतरी तसाच पडून राहतो आणि पुढे कधीतरी सर्व्हिसिंगच्या बिलातून वर येतो, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

ह्या समजुतीचं मूळ मला वाटतं चेतकमध्ये आहे. बजाजची चेतक 1972 ची, आणि ती मिळायला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. अण्णाही थांबले. तिचा गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबून मूठ फिरवायची. एक, मग न्यूट्रल, मग दोन, तीन, चार. तिसऱ्याला जायचं तर दुसऱ्यावरूनच जावं लागणार, आडवाट नाहीच. मोटारसायकलवरही तेच, पायाने एकेक खटका. त्यानंतर आली फियाट. गिअरचा दांडा स्टेअरिंगला, आणि गाडी पुरती थांबल्याशिवाय फर्स्ट टाकला तर आतून असा कर्रर्र आवाज येई की रस्त्यापलीकडचा पानवाला मान वर करून बघे. शिकवायला जुने ट्रक चालवून हात तयार झालेला उस्ताद होता. तो डबल क्लचवर वाढलेला: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा दाबा, मग खालचा गिअर. एवढं सोवळं पाळून जो गाडी शिकला, त्याला दोनातून चारात जाणारी सून म्हणजे चपला घालून देवघरात शिरल्यासारखीच वाटणार.

शिवाय अण्णांच्या हिशेबात गिअर चारच. फर्स्ट, सेकंड, थर्ड, टॉप. पाच गिअरची गाडी घरात आली तेव्हा खरा पेच पडला. टॉपच्या वर काय असणार? तोडगा म्हणून पाचव्याला ते ‘हायवेचा’ म्हणतात आणि शहरात त्याचं नावही काढत नाहीत.

सून मेकॅनिकल इंजिनियर, चाकणला गिअरबॉक्सच्याच कामात. सासऱ्याला गिअरबद्दल कुणी काही सांगू शकेल तर ती. तिनं सांगूनही पाहिलं. “अहो बाबा, आतले सगळे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण फक्त कुठली जोडी शाफ्टला बांधायची ते ठरवतो. त्याआधी एक पितळी कडं घासून दोघांचा वेग सारखा करतं. दोनातून चारात गेलं तर त्या कड्याला थोडं जास्त घासावं लागतं, इतकंच. थर्डला कळतसुद्धा नाही.”

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “कड्याला जास्त घासावं लागतं ना?” ते म्हणाले. “मग झालं तर.”

तिनं मग इंग्लंडचं उदाहरण दिलं. तिकडे शिकवतानाच सांगतात, वेग कमी करायचा तो ब्रेकनं, आणि त्या वेगाला जो गिअर लागेल तो एकदम टाका. मधले मोजत बसू नका. अण्णांनी इंग्रजांबद्दल मौन पाळलं. शेवटी तिनं अमेरिकेची कार्व्हेट काढली. 1989 पासून ह्या गाडीत अशी कळ होती की इंजिन गरम झालेलं असलं आणि तुम्ही हलक्या पायानं चाललेले असलात, तर फर्स्टनंतर दांडा सेकंडला जाऊच द्यायची नाही, थेट फोर्थ! पेट्रोल जास्त पिणाऱ्या गाड्यांवर तिकडे वेगळा कर असतो, तो चुकवायला कंपनीनंच ही सोय केलेली.

“आणि लोकांनी ऐकलं?”

इथे सून प्रामाणिक निघाली. नाही म्हणाली, ती कळ निकामी करणारा एक छोटा तुकडा बाजारात मिळतो आणि कित्येक मालक तो बसवून घेतात. अण्णांचा चेहरा त्या दिवशी जेवणापर्यंत उजळलेला होता. अमेरिकन माणूसही मुळात सेकंड टाकणाराच, हे त्यांनी खालच्या मजल्यावर जाऊनही सांगितलं.

त्यांना अगदीच मोडीत काढू नये. चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरू लागलो की अण्णांचं ऐकावं. ज्या गिअरनं चढाल त्याच गिअरनं उतरा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका, नुसत्या ब्रेकवर राहिलात तर पोफळीपर्यंत ब्रेक तापून वास सुटेल. हे त्यांचं बोलणं पुस्तकात छापावं इतकं बरोबर आहे. भरवेगात पाचव्यातून चुकून दुसरा पडला तर पितळी कडंबिडं काही वाचवत नाही, चाकंच इंजिनला फरफटत वाट्टेल तितकं फिरवतात आणि वॉल्व वाकायची वेळ येते. अशा वेळी अण्णांची एकेक पायरी स्वस्त पडते. घाटात सूनसुद्धा ‘हो बाबा’ म्हणते.

पण हेच अण्णा स्टेअरिंगवर बसले की काय करतात, ते बघण्यासारखं असतं. वर जाताना सगळं रीतसर: फर्स्ट, सेकंड, थर्ड, टॉप. तीसच्या आतच टॉप. आणि एकदा टॉपला पोचले की उतरायचं नाव नाही. स्पीडब्रेकर टॉपमध्ये, वळण टॉपमध्ये, पुढे उसाची बैलगाडी, तरी टॉपमध्ये. इंजिन खडखडतं, गाडी आचके देते, मागच्या सीटवरच्या माणसांच्या माना कीर्तनात डोलावं तशा डोलतात.

“बाबा, सेकंड टाका.”

“ओढते ती. जुनं इंजिन आहे, सवय आहे तिला.”

इंजिन तीन वर्षांचं होतं. पायऱ्या फक्त चढायच्या असतात असं मानणारी माणसं राजकारणातच असतात असा माझा आजवर समज होता.

गेल्या दिवाळीत मुलानं बिनक्लचची गाडी घेतली. 2014 पासून अशा स्वस्त गाड्या आपल्याकडे दिसू लागल्या. गिअरबॉक्स जुन्याच पद्धतीची, फक्त क्लच आणि दांडा यंत्र हलवतं. कुठला गिअर पडला तो आकडा काट्यांशेजारी उजळतो. अण्णांचे डोळे आता त्या आकड्यावर. पहिल्याच रविवारी मुलानं एका टेम्पोला मागे टाकायला ॲक्सिलरेटर दाबला आणि आकडा पाचवरून थेट तीनवर आला. अण्णांनी मुलाकडे पाहिलं. त्याचे हात स्टेअरिंगवर, डावा पाय मोकळा. सुनेकडे पाहिलं; ती मागे बसून शेंगा सोलत होती. ओरडायला कुणी उरलंच नव्हतं.

पहिल्या सर्व्हिसिंगला ते स्वतः गेले. काउंटरवरच्या पोरानं तक्रार विचारली, अण्णांनी सविस्तर सांगितली, आणि पोरानं ती कार्डावर जशीच्या तशी उतरवून घेतली: कधीकधी फोर्थ गिअर गहाळ. संध्याकाळी गाडी धुऊन परत आली तेव्हा त्याखाली शेरा होता, ‘तपासले, सापडला.’ अण्णांनी ते कार्ड सुनेला दाखवलं आणि म्हणाले, “बघ. ह्यांच्याकडेच होता.”