घ्या, अजून एक घ्या!

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या ऑल-स्टार सामन्यात बचाव करणं हल्ली असभ्यपणाचं मानलं जातं. २०२४ साली इंडियानापोलिसमध्ये ईस्टने वेस्टला २११–१८६ असं हरवलं. अठ्ठेचाळीस मिनिटांत ३९७ गुण! डेमियन लिलार्ड चक्क मध्यरेषेवरून चेंडू भिरकावतोय आणि समोरचे हात खाली सोडून, पंगतीत जिलबी वाढणाऱ्या यजमानासारखे उभे: घ्या, अजून एक घ्या, लाजू नका. करंडक देताना आयुक्त ॲडम सिल्व्हर यांचा चेहरा मात्र केटररचं बिल हातात पडलेल्या वधुपित्याचा होता.

मग सुरू झाली औषधं. खरं तर आधीपासूनच चालू होती. रोगी उठत नाही म्हणून खाट हलवायची, एवढंच. कधी कर्णधारांनी गडी वाटून घेतले, २०२५ मध्ये चार संघ आणि ४० गुणांची शर्यत, २०२६ मध्ये अमेरिका विरुद्ध जग. २०२० मध्ये शेवटच्या क्वार्टरला घड्याळ काढून टाकलं, तेव्हा मात्र मंडळी खरोखर घाम गाळून खेळली. हे कबूल करायला हवं.

ऑल-स्टारच्या जोडीला होणाऱ्या डंक स्पर्धेचं तर विचारूच नका. १९८८ मध्ये शिकागोत जॉर्डन आणि डॉमिनिक विल्किन्स एकमेकांना भिडले होते. लेब्रॉन जेम्स अख्ख्या कारकिर्दीत तिकडे फिरकला नाही. २०२३ ते २०२५ सलग तीनदा जिंकला तो मॅक मॅक्लंग, ज्याचा बहुतेक मुक्काम दुय्यम जी-लीगमध्ये. २०२५ मध्ये त्याने मोटारीवरून उडी मारली. लाखमोलाचे तारे कडेला बसून मोबाइलवर ती टिपत होते.