संगणकाचा पोटमाळा

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेत हिशेबात चूक काढणारा एक, पाण्याच्या टाकीवर पाळत ठेवणारा दुसरा आणि लिनक्स वापरणारा तिसरा, असे तीन सद्गृहस्थ असावेतच असा जणू सहकार कायद्याचा दंडक आहे. पहिल्या दोघांचा उपद्रव वार्षिक सभेपुरता असतो. तिसऱ्याचा बारमाही असून, आमच्या डोंबिवली पूर्वेच्या इमारतीत त्याचे वास्तव्य नेमके माझ्या शेजारी आहे.

लिनक्सकाका बँकेतून निवृत्त झालेले, निर्व्यसनी आणि काटकसरी. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने जिचा गाभा लिहावयास घेतला, ती ही प्रणाली आपण फुकट मिळते म्हणून नव्हे, तर तत्त्व म्हणून स्वीकारली, असे ते सांगतात. ती फुकट नसती तर तत्त्वाचे काय झाले असते, हे विचारण्याचे धैर्य अद्याप कोणी केलेले नाही. त्यांचा संगणक २००५ सालचा, चाळीस जीबीच्या हार्ड डिस्कचा. नातीच्या बारशाची छायाचित्रे, कॅसेटींवरून उतरवलेली नाट्यपदे आणि विजेच्या बिलांच्या प्रती यांनी ती काठोकाठ भरली, तेव्हा मुलाने नवा संगणक सुचवला. काका म्हणाले, "म्हातारा झाला म्हणून टाकायचा, तर मग माझं काय?" मुलगा निरुत्तर झाला आणि मोठी डिस्क बसवण्याची तजवीज सुरू झाली.

ज्याला अवघी मुंबई लॅमिंग्टन रोड म्हणते, त्या डॉ. भडकमकर मार्गावर काका दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरून पोहोचले. दुकानदाराने चार टेराबाइटची डिस्क पुढे करताच त्यांनी त्याला समजावले की, जुन्या पद्धतीच्या पार्टिशन-तक्त्यात खणांचे क्रमांक बत्तीस बिटांतच मांडावे लागतात, खण असतो ५१२ बाइटचा, आणि म्हणून दोन टेराबाइटपलीकडची जमीन दप्तरी दाखल होऊच शकत नाही. त्याने मुकाट्याने एक टेराबाइटची दिली. घरी आल्यावर उमगले की जुन्या वीजपेटीच्या वायरीला चार पिनांचे तोंड, तर नव्या डिस्कला हवे चपटे पंधरा पिनांचे. मधली जोडवायर डोंबिवली स्टेशनाजवळही मिळत होती. परंतु ती वीस रुपयांनी महाग असल्यामुळे काका पुन्हा ग्रँट रोडला गेले. गाडीभाडे अशा हिशेबात धरायचे नसते.

नव्या जागेचे वाटप करताना त्यांचा चेहरा मामलेदाराचा होता. एक अक्षर चुकले तर कोऱ्या डिस्कऐवजी भरलेली डिस्क फॉरमॅट होऊन बारसे आणि नाट्यपदे एकाच क्षणी दिवंगत होतील, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी त्यांनी चतुःसीमा तीनदा तपासली आणि साक्षीदार म्हणून मला बसवून घेतले. मग कोणती डिस्क कोठे जोडायची याची नोंद ज्या फाइलीत होते, ती 'एफएसटॅब' उघडून ते गंभीरपणे म्हणाले, "अहो, हा यंत्राचा सातबारा. यात नाव लागलं, की वहिवाट आपली."

नाव लागले आणि यंत्र सुरूच होईना. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आली. झाले होते असे की, आधी सापडेल तिला 'एसडीए' आणि नंतर सापडेल तिला 'एसडीबी' म्हणण्याच्या रूढीमुळे काल आलेली डिस्क थोरली ठरली, वीस वर्षांची कर्ती डिस्क धाकटी झाली, आणि सातबारा जुन्याच नावांवर अडून बसला. काकांनी दोन रात्री जागून, नावे खोडून, प्रत्येक पार्टिशनचा न बदलणारा 'यूयूआयडी' क्रमांक तेथे नोंदवला. "नावावर विश्वास ठेवू नये," हा धडा बँकेत तीस वर्षे सह्या ताडून पाहणाऱ्या गृहस्थाला पुन्हा शिकावा लागला, याचेच त्यांना अधिक वैषम्य वाटले.

तिसऱ्या दिवशी जागेची मोजदाद झाली. एक टेराबाइटच्या जागी ९३१ जीबीच दिसल्याने मी मापात खोट असल्याचा संशय व्यक्त केला. काकांनी सांगितले की कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि यंत्र एक हजार चोविसाच्या. त्यातून सुमारे चौदा जीबी व्यवस्थेच्या नोंदवह्यांसाठी गेले. शिवाय 'रूट' म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, त्याच्यासाठी पाच टक्के जागा आपोआप राखीव राहते; ती भरली शेहेचाळीस जीबी. ज्या डिस्कमध्ये या कुटुंबाचा वीस वर्षांचा संसार मावला होता, तिच्याहून हे इनाम मोठे!

"यंत्रात एवढी जागा केलीत," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता पोटमाळ्यावरची तुमची खोकी कधी काढताय?" काका ऐकू न आल्यासारखे पडद्याकडे पाहत राहिले. त्या खोक्यांत जुने कीबोर्ड, उंदीर आणि वायरी आहेत. त्या दिवशी तेथे एका खोक्याची भर पडली: नवी डिस्क ज्यातून आली, ते.