शाईची गोम

"शुभावहिनी, आज दुकानातून तणतणत आलात, ते त्या प्रिंटरच्या पायीच ना?"

"नाहीतर काय! नातीच्या वाढदिवसाचे फोटो छापायला घेतले, तर म्हणे निळा रंग संपला. निळा संपला म्हणून मेला काळंही छापेना. आणि नाना, दोन कार्ट्रिजच्या पैशात जवळपास अर्धा नवा प्रिंटर येतो हो!"

"येणारच. प्रिंटर स्वस्तात गळ्यात मारायचा, शाईत वसूल करायचं. बरोबर येणारी कार्ट्रिजसुद्धा पुष्कळदा पूर्ण भरलेली नसतात. महिनाभर छापलं नाही की शाई वाळून भोकं बुजतात आणि ती साफ करायलाही पुन्हा शाईच जाते."

"कोणी जाब विचारणारा नाही का यांना?"

"निघाला होता एक. कोडॅक!"

"ती पिवळ्या डबीतल्या रोलवाली?"

"तीच. तिच्या रोलवर माझा स्टुडिओ चालला. 2003मध्ये तिनं अँटोनिओ पेरेझ नावाचा गृहस्थ आणला, एचपीतला. तिथला इंकजेटचा धंदा त्याच्याच हाताखाली वाढलेला, म्हणजे शाईतली मलई कुठे असते ते त्याला आतून ठाऊक. 2005मध्ये कोडॅकचा मुख्य झाला, आणि फेब्रुवारी 2007मध्ये यांचे घरगुती प्रिंटर आले. प्रिंटर जरा महाग, दीडशे डॉलरपासून पुढे. पण काळं कार्ट्रिज 9.99 डॉलर, रंगीत 14.99."

"अगबाई, घरभेदीच की!"

"एचपीच्या बऱ्याच कार्ट्रिजना शाई फवारणारं हेड चिकटलेलंच असायचं. कार्ट्रिज टाकलं की हेडही कचऱ्यात. कोडॅकनं हेड प्रिंटरात बसवलं, कार्ट्रिज म्हणजे नुसती शाईची डबी. पण वहिनी, खरी गंमत पुढेच आहे. वस्तू स्वस्त द्यायची आणि वरच्या मालावर कमवायचं, यात कोडॅकच मुरलेली! 1900 साली तिचा ब्राउनी कॅमेरा आला एका डॉलरला, आणि त्याचा रोल पंधरा सेंटांना. कॅमेरा एकदाच घ्यायचा, रोल जन्मभर. वर कागद, केमिकल! माझीच किती कमाई तिकडे गेली असेल. आणि हीच बाई शंभर वर्षांनी शाईच्या लुटीवर प्रवचन देते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

"पण स्वस्त तर दिलं ना? मग खपले का?"

"घेणाऱ्यांनी घेतले. पण दुकानात दोन खोकी शेजारी ठेवली, एक स्वस्त, एक महाग, तर वर्षभराच्या शाईचा हिशेब कोण करतो? तुम्ही केलात?"

"मी कशाला करू? आमच्या ह्यांनी आणला."

"ह्यांनीही केला नसणार. शिवाय घरोघरी प्रिंटर जाऊन बसल्याशिवाय शाई खपत नाही, तोवर तोटा सोसावा लागतो. कोडॅकनं तो कशाच्या जोरावर सोसायचा? रोलचा पैसा तर डिजिटल कॅमेऱ्यानं खाल्लेला. त्यात त्याच 2007मध्ये आयफोन आला. लोक फोटो धो धो काढायला लागले, पण बघायचे पडद्यावरच. जानेवारी 2012मध्ये कोडॅकचा दिवाळखोरीचा अर्ज, सप्टेंबरमध्ये घरगुती प्रिंटर बंद करत असल्याची घोषणा. विकलेल्या प्रिंटरांची शाई मात्र देत राहू म्हणाले."

"म्हणजे शेवटी शाईच! स्वस्त दिलं म्हणून बुडाले म्हणायचे बिचारे."

"छे! तोच डाव एप्सनला लागू पडला. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून टाक्या नि नळ्या जोडून स्वस्त शाई भरायचे. एप्सननं ते पाहिलं आणि 2010मध्ये तिथेच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर काढला. प्रिंटर महाग, शाईची बाटली स्वस्त. मग आपल्याकडेही आला. इथे सिरिंजनं कार्ट्रिज भरून देणारे होतेच की! अमेरिकेत तो पोचला 2015मध्ये. कोडॅकनं माल विकायला घेतला घरगुती गिऱ्हाइकाला, अधूनमधून छापणाऱ्याला. एप्सनचा उचलला रोज छापणाऱ्यांनी, झेरॉक्सवाल्यांनी, क्लासवाल्यांनी. शाईचा हिशेब तेच करतात."

"मग मीही टाकीवालाच घेऊ का?"

"कशाला? वर्षातून दोन-चारदा फोटो छापायचे तुम्हाला. टाकीतली शाईसुद्धा बसून बसून हेडात वाळते. पेनड्राइव्ह उचला, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जा, आजच्या आज फोटो हातात मिळतील. आणि ती दोन कार्ट्रिज घेऊ नका."