हिवाळ्यातली साडी

जानेवारीच्या पहाटे पारा 15 अंशांच्या आसपास उतरला, की सुरतेत माकडटोप्या बाहेर पडतात. कुलर मात्र त्याआधीच, दिवाळी उरकताच, झाकला जातो. घरात जागा नसते, म्हणून गॅलरीतच.

खरं तर समुद्राजवळच्या या दमट शहरात कुलर ही निव्वळ हौस. हवा कोरडी असेल तर पाणी उडून गारवा येतो. इथली हवा आधीच भिजलेली. पण जळगाव-धुळ्याकडून लूमवर कामाला आलेली लिंबायत-उधन्यातली आमची माणसं गाव सोडतील, कुलर नाही. त्याची रीतसर उत्तरपूजा होते. बूच काढून टाकी रिकामी करायची, तळाचा क्षार खरवडायचा, बाजूचं गवत उन्हात टाकायचं, पंप पुसायचा. मग वरून जुनी साडी.

माझा भाचा मिनेसोटात असतो. त्याच्याकडे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर आहे, कॅम्पर. उन्हाळ्यात ते तळ्याकाठी, हिवाळ्यात अंगणात बर्फाखाली. त्याचीही उत्तरपूजा असते आणि ती आपल्यापेक्षा कडक. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि नळ्या फोडतं, म्हणून आधी नळ्या रिकाम्या करायच्या. उरल्यासुरल्या थेंबांसाठी गुलाबी अँटिफ्रीझ ओतायचं. फ्रीजचं दार उघडं ठेवायचं. छताच्या टोकदार कोपऱ्यांना जुने टॉवेल गुंडाळायचे, नाहीतर तिथंच कव्हर फाटतं. (आमच्या वडिलांच्या गुडघ्यांचेही इतके लाड होत नाहीत.)

‘‘ताडपत्री टाकून मोकळा हो,’’ मी फोनवर म्हणालो.

‘‘नाही मामा. आतली वाफ आत कोंडते, बुरशी धरते. सैल राहिली तर वाऱ्यानं फडफडून रंग खरवडते. कव्हर असं हवं, की पाणी आत येऊ नये, पण वाफ बाहेर जावी.’’

पलीकडून त्याची आई, म्हणजे माझी ताई, ओरडली, ‘‘मग साडी टाक की रे!’’

ताईचं शास्त्र बरोबर होतं, फक्त बर्फ तिच्या हिशेबात नव्हता. भाच्याला मात्र तेवढ्यात सुचलं: सुरत म्हणजे पॉलिएस्टरचं गाव, तिकडेच शिवून घेऊ. त्यानं लांबी-रुंदी-उंची फुटांत पाठवली आणि मी ती घेऊन लिंबायतच्या ओळखीच्या शिंप्याकडे गेलो.

तो कागदाकडे बघतच राहिला.

‘‘भाऊ, लगनना मंडप शे का?’’

म्हटलं, नाही, एक घर झाकायचंय, अख्खं.

‘‘आत माणसं?’’

‘‘कोणी नाही.’’

‘‘दारं-खिडक्या?’’

‘‘नकोत.’’

त्यानं टेप गळ्यात परत टाकली. ‘‘मग हवा कुठून जाणार?’’