नाव सोनुबाई, हाती वायफाय ६

प्रति,
मा. नामकरण विभागप्रमुख,
सर्व स्मार्टफोन कंपन्या
(मुक्काम क्यूपर्टिनो, सुवॉन, बीजिंग, शेन्झेन व इतरत्र)

विषय : येत्या हंगामातील फोनांची नावे आणि त्यांच्या पोटातील वायरलेस मानके यांचा मेळ घालण्याबाबत.

महोदय,

स्मार्टफोनच्या नावाला तीन अंगे असतात : घराणे, आकडा आणि शेपूट. घराणे आयफोन, गॅलेक्सी किंवा पिक्सेल असे. आकडा दरवर्षी वाढणारा. आणि शेपटाला प्रो, प्लस, अल्ट्रा, मॅक्स, लाइट यांपैकी जे हाताशी असेल ते. फोन कोणत्या लहरींवर बोलतो आणि किती रुंद पट्ट्यातून माहिती ओढतो, हे मात्र तिन्हींपैकी एकही अंग सांगत नाही. घरच्या राउटरशी फोनचे जुळणार की नाही, हे ज्यावर ठरते ती माहिती नेमकी हीच.

आकड्यांच्या बाबतीत विभागाने गाजवलेले कर्तृत्व आधी नोंदवणे उचित ठरेल. सप्टेंबर २०१७ मध्ये ॲपलने आयफोन ८ आणि आयफोन एक्स, म्हणजे रोमन १०, एकाच कार्यक्रमात आणले. ९ अजून वाटेतच आहे. सॅमसंगने २०१९ च्या एस१० नंतर २०२० मध्ये थेट एस२० काढून मधल्या नऊ पिढ्या न जन्मताच निकालात काढल्या. वनप्लसने पूर्वी ४ टाळला आणि २०२५ मध्ये १४ टाळून १५ गाठला, कारण चीनमध्ये ४ अपशकुनी. शाओमीने त्याच वर्षी १६ ओलांडून १७ काढला. त्यामुळे तिचा आकडा आयफोनच्या आकड्याला येऊन भिडला, याला योगायोग म्हणण्याइतका मोठेपणा ग्राहकाने दाखवावा.

वायफायचा कारभार याउलट मुळात अभियंत्यांच्या हाती होता आणि त्यांची नावे अगदीच रुक्ष होती. आयईईई या संस्थेने १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक ठरवले. १९९९ मध्ये त्याला ‘ए’ आणि ‘बी’ जोडले गेले, २००३ मध्ये ‘जी’, २००९ मध्ये ‘एन’. एकेरी अक्षरे पुरेनाशी झाल्यावर २०१३ मध्ये ‘एसी’ आला, जो पुष्कळांना भिंतीवरचा वाटला. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये वायफाय अलायन्सने ‘एन’ला वायफाय ४, ‘एसी’ला वायफाय ५ आणि पाठोपाठ येणाऱ्या ‘एएक्स’ला वायफाय ६ म्हणायचे ठरवले. मोठा आकडा म्हणजे नवी पिढी, मधला एकही आकडा गाळायचा नाही. पुढच्याच वर्षी गॅलेक्सी एस१० च्या पडद्यावर, वरच्या कोपऱ्यातल्या पंख्यासारख्या चिन्हाशेजारी, बारीक ६ दिसू लागला.

हे शहाणपण सव्वा वर्ष टिकले. जानेवारी २०२० मध्ये वायफाय ६ई अवतरला.

त्यामागचे काम मात्र खरे आणि मोलाचे होते. २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग जेमतेम तीन : १, ६ आणि ११. ठाण्यातल्या किंवा पिंपरीतल्या एखाद्या सोसायटीत घरटी एक राउटर धरला, तर सगळी इमारत या तीन मार्गांवर दाटीवाटीने उभी असते. त्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचीही भर. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा जास्त, पण तिच्यातला बराच भाग रडारची चाहूल लागताच राउटरला रिकामा करून द्यावा लागतो. ६ई ने उघडलेला पट्टा ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झचा. जुनी उपकरणे तिथे पोचूच शकत नाहीत, म्हणून तिथे गर्दी नाही. भिंती ओलांडताना या लहरी लवकर दमतात, हे खरे. पण त्यामुळे शेजाऱ्याचा राउटरही कमी छळतो. या पट्ट्यावर बोलणारा पहिला फोन म्हणजे जानेवारी २०२१ चा गॅलेक्सी एस२१ अल्ट्रा.

तंत्र चांगले, पण ‘ई’ हे अक्षर मोकाट सुटले. वायफाय ६ई मध्ये ‘ई’ म्हणजे भर. फेब्रुवारी २०२५ च्या आयफोन १६ई मध्ये ‘ई’ म्हणजे वजाबाकी : साध्या आयफोन १६ मध्ये वायफाय ७ आहे, १६ई मध्ये वायफाय ६. आणि अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने २०१९ मध्ये ग्राहकांच्या फोनवर ‘५जी ई’ असे चिन्ह झळकवले, त्यातला ‘ई’ म्हणजे सुधारित ४जी. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या मंडळाने मे २०२० मध्ये कान उपटल्यावर कंपनीने जाहिरातींतून ते शब्द काढायचे कबूल केले. फोनवरचे चिन्ह मात्र तसेच ठेवले. एकच अक्षर अधिक, उणे आणि शून्य अशा तिन्ही अर्थांनी वापरल्याबद्दल संबंधितांचे अभिनंदन करावे तेवढे थोडे.

वायफाय ७ ची तऱ्हा आणखी न्यारी. अधिकृत प्रमाणपत्रे जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, पण पिक्सेल ८ त्याच्या तीन महिने आधीच वायफाय ७ घेऊन बाजारात उतरला होता. गॅलेक्सी एस२४ च्या कुटुंबात अल्ट्राला वायफाय ७ मिळाले, धाकट्या दोघांना ६ई. या मानकाची ठळक वैशिष्ट्ये दोन : ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचा मार्ग आणि एकाच वेळी दोन पट्ट्यांवरून माहिती नेण्याची सोय. आयफोन १६ आणि १७ दोन्ही वायफाय ७ चे, पण रुंदी १६० मेगाहर्ट्झवरच थांबलेली. जाहिरातींत मिरवणारा ४६ गिगाबिटचा वेग माहितीचे एकाच वेळी धावणारे १६ प्रवाह गृहीत धरून काढलेला आहे. फोनमध्ये प्रवाह दोनच असतात. म्हणजे कागदावरसुद्धा पूर्ण रुंदीला सुमारे ५.८ गिगाबिट आणि अर्ध्या रुंदीला २.९. घरात येणारे कनेक्शन शंभर-दोनशे मेगाबिटचे असेल, तर हा सगळा हिशेब पुठ्ठ्याच्या खोक्यातच राहतो.

भारतात या खोक्याला आणखी एक कुलूप होते. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा इथे ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. ६ गिगाहर्ट्झवर मात्र मोबाइल कंपन्यांचाही डोळा होता. दूरसंचार विभागाचे मसुदा नियम मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही ५९२५ ते ६४२५ एवढ्याच भागासाठी, घरातल्या कमी शक्तीच्या आणि बाहेरच्या अतिकमी शक्तीच्या वापरापुरते. म्हणजे ६ई चा पहिला फोन आल्यावर चार वर्षे उलटली तेव्हा कुठे नियम कागदावर आले. या ५०० मेगाहर्ट्झमध्ये ३२० रुंदीचा मार्ग एकच मावतो. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्येच १२०० मेगाहर्ट्झ खुले केले, तिथे तीन मावतात. पोटात ६ई किंवा ७ असलेल्या फोनची किंमत मात्र दोन्हीकडच्या गिऱ्हाइकाने पुरती मोजली.

नावातच ‘५जी’ घालण्याची प्रथा याच जातीची. रिअलमी एक्स५० प्रो ५जी फेब्रुवारी २०२० मध्ये भारतात आला; ५जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ रोजी. त्यानंतरही जिओचे ५जी जाळ्याच्या स्वतंत्र गाभ्यावरचे, तर एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या गाभ्यावर, त्यामुळे फोनला दोन्ही रीती ठाऊक असणे भाग पडले. आयफोनधारकांना तर सॉफ्टवेअरसाठी डिसेंबरपर्यंत थांबावे लागले.

आता वायफाय ८ येऊ घातले आहे. अभियंत्यांच्या दप्तरी ते ८०२.११बीएन असून अंतिम मंजुरी २०२८ च्या सुमारास अपेक्षित आहे. त्याचा मुख्य हेतू वेग वाढवणे नाही, तर जोडणी तुटू न देणे आणि विलंब कमी करणे हा आहे. विभागापुढचा पेच समजण्यासारखा आहे : वेग खोक्यावर छापता येतो, भरवसा कसा छापायचा? तरी मंजुरीची वाट न पाहता ‘८’ खोक्यावर चढेल, असे मागचा अनुभव सांगतो.

सबब विनंती अशी की, फोनचे नाव विभागाला हवे तितके लांब ठेवावे. मात्र त्याखाली, त्याच आकाराच्या टायपात, एक ओळ छापावी : वायफायची पिढी, ज्या देशात फोन विकला जात आहे तिथे खुले असलेले पट्टे आणि मार्गाची कमाल रुंदी. उदाहरणार्थ, ‘वायफाय ७, २.४ व ५ गिगाहर्ट्झ, १६० मेगाहर्ट्झ’. ही माहिती तपशीलपत्रकात आजही असते, फक्त ती ‘ए/बी/जी/एन/एसी/एएक्स/बीई’ अशा बाराखडीत आणि भिंगाने वाचावी लागते.

कळावे.

आपला विश्वासू,
खोक्याची मागची बाजू वाचणारा एक ग्राहक

प्रत माहितीसाठी : वायफाय अलायन्स. पुढच्या मानकाचा ‘८ई’ काढू नये, ही वेगळी विनंती.