न दिलेला ढेकर

पंगतीत ढेकराला एके काळी मान होता. मठ्ठ्याचा शेवटचा घोट घेऊन पाहुण्याने खणखणीत ढेकर दिला, की यजमानीणबाईंच्या कष्टांचं चीज व्हायचं. पुढे टेबल-खुर्च्या आल्या आणि ढेकर रुमालाआड गेला. गाई-मेंढ्यांना मात्र अजून कुणी टोकलं नव्हतं. आता त्यांचीही पाळी आली आहे, आणि त्यात पुढाकार न्यूझीलंडचा आहे.

त्या देशात माणसं पन्नास लाखांच्या आसपास आणि मेंढ्या त्यांच्या चौपटीहून जास्त. १९८२ साली तर त्या सात कोटींच्या घरात होत्या. देशातून हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंपैकी जवळजवळ निम्मे शेती आणि पशुपालनातून येतात, आणि त्यात मोठा वाटा मिथेनचा. मेंढी हे काही मुद्दाम करत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात गवत आंबतं, आंबताना हायड्रोजन सुटतो, आणि तिथे वस्तीला असलेले सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. तो बहुतेक सगळा बाहेर पडतो तोंडावाटे.

हे ‘तोंडावाटे’ लोकांच्या पचनी काही पडलं नाही. २००३ साली सरकारने यावर कर बसवायचं काढलं, तेव्हा शेतकऱ्यांनी त्याचं नाव थेट ‘पादकर’ ठेवलं. टोक चुकलं खरं, पण मोर्च्याला ढेकरापेक्षा हेच सोयीचं. शेन आर्डर्न नावाच्या खासदारांनी तर ‘मर्टल’ नावाचा ट्रॅक्टर वेलिंग्टनला संसदेच्या पायऱ्यांवर चढवला. कर बारगळला. २०२२ मध्ये जसिंडा आर्डर्न यांच्या सरकारने तोच विषय पुन्हा काढला (आडनाव तेच, पक्ष मात्र समोरचा). मग सरकार बदललं आणि तोही बेत बासनात गेला.

या गदारोळात ‘अ‍ॅगरिसर्च’ या संस्थेतले शास्त्रज्ञ निमूटपणे मेंढ्यांचे ढेकर मोजत बसले होते. एकच गवत खाऊन काही मेंढ्या कमी मिथेन सोडतात, काही जास्त, आणि हा गुण थोडाफार पुढच्या पिढीत उतरतो, हे त्यांना दिसलं. पण मोजायचं कसं? प्रयोगशाळेत मेंढीला एका बंद पेटीत ठेवतात आणि आत-बाहेर जाणारी हवा तपासतात. पेटीच्या भिंती पारदर्शक असतात, कारण शेजारीण दिसली नाही तर मेंढी बिथरते, आणि बिथरलेल्या मेंढीचं खाण्यात लक्ष राहत नाही. गावोगावच्या कळपांसाठी मग गाडीला जोडून नेता येतील अशा पेट्या केल्या. मेंढ्या चरून आल्या की एकेकीला आत उभी करायची, दार लावायचं, तासाभराने हवेतला मिथेन बघायचा आणि सोडून द्यायचं. आपली कसली परीक्षा झाली, हे मेंढीला कळत नाही. निकालही तिला कुणी सांगत नाही.

तीन पिढ्या अशा निवडून वाढवल्यावर कमी ढेकरवाल्या आणि जास्त ढेकरवाल्या कळपांत, खाल्लेल्या चाऱ्याच्या हिशेबाने, दहा ते तेरा टक्क्यांचा फरक पडला. गुणी मेंढ्यांच्या पोटाचा तो कप्पा लहान निघाला. त्यात गवत फार वेळ मुरत नाही. नाहीतरी मिथेन म्हणजे वाया गेलेला चाराच. रवंथ करणाऱ्या जनावराच्या खाण्यातली दोन ते बारा टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. म्हणजे पंगतीतला तो तृप्तीचा ढेकर मेंढीच्या बाबतीत निव्वळ नासाडीचा निघाला. यजमानीणबाईंना हे न कळलेलंच बरं.

मला गंमत वाटते ती या गुणाची. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गारोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत उतरवला. तिथे धनगराला काही समजावून सांगावं लागत नाही. मेंढीच्या मागे एकाऐवजी दोन कोकरं उड्या मारताना दिसली, की झालं. इथे दाखवायचं काय, तर न दिलेला ढेकर! त्याचा ना रंग, ना वजन, ना बाजारात भाव. त्याचा फायदा साऱ्या जगाला वाटून जाणार आणि पेटीचा खर्च पाळणाऱ्याने करायचा. शास्त्रज्ञांनी मेंढ्याच्या पत्रिकेत मिथेनचा रकाना घातला खरा, पण पत्रिका जुळली म्हणून कुणी पदरच्या पैशाने हुंडा देत नाही.

मेंढा घ्यायला आलेला गिऱ्हाईक जगात कुठेही सारखाच असणार. तो पाठ दाबून मांस बघेल, ओठ वर करून दात बघेल, लोकरीत बोटं घालून ती चोळून बघेल. विकणाऱ्याचं दैव एवढंच बरं, की कमी ढेकरवाल्या कळपाच्या अंगावर लोकर जास्त येते आणि चरबी कमी, असं आढळलं आहे. तेव्हा शहाणा विक्रेता म्हणत असेल, “हा मिथेन कमी सोडतो, शिवाय याची लोकर बघा.” आणि गिऱ्हाईक ‘शिवाय’च्या पुढचं तेवढं ऐकून पैसे मोजत असेल.