कोरडवाहू सर्फर

पॅरिसला समुद्र नाही. हे वाक्य अख्ख्या पांढरकवड्यात एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतं आणि ते रोज ऐकू येतं. 2024 च्या ऑलिंपिकमधलं सर्फिंग फ्रान्सने ताहिती बेटावर तेआहुपो नावाच्या गावी उरकलं, पॅरिसपासून पंधरा हजार किलोमीटरहून लांब. "पॅरिसवाल्याले चालते, तं मले काऊन नाही?" असा त्याचा सवाल. पानठेल्यावर याला उत्तर देणारा अजून निघालेला नाही.

त्याला आपण नुसतं भाऊ म्हणू. वय चाळिशीच्या अलीकडे, पोट पलीकडे. बस स्टँडच्या अंगाला कृषी केंद्र. याच जातीचा माणूस पूर्वी बुलेट घेऊन लडाखला जायचा आणि येताना त्या रंगीत पताका आणायचा. मग त्याने मॅरेथॉनचं टी-शर्ट घालून किराणा आणला. आता तो सर्फिंग शिकतो. छंद बदलतात, सांगायची हौस तीच असते.

भाऊचा भूगोल मात्र पक्का. गावची खुनी नदी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे समुद्र आपल्या गावाच्या खालच्या अंगाला आहे, इतकंच. पाण्याची वाट नको असेल तर डांबराची आहे. श्रीनगरहून निघालेला 44 नंबरचा हायवे पांढरकवड्यावरून जातो आणि कन्याकुमारीला संपतो. "कुठं वळाचं कामच नाही," तो सांगतो. प्रत्यक्षात त्याला मंगळुरूकडे जायचं होतं, त्यामुळे बंगळुरूला वळावं लागलंच. पण तो तपशील तो गाळतो.

घरी त्याने सांगितलं, आश्रमात चाललो. हे खोटंही नव्हतं. मंगळुरूच्या उत्तरेला मुल्की गावातल्या आश्रमात जॅक हेबनर या अमेरिकन कृष्णभक्त संन्याशाने 2004 साली मंत्र सर्फ क्लब सुरू केला. देशातला पहिला सर्फ क्लब म्हणून त्याचं नाव घेतात, आणि हेबनर पुढे 'सर्फिंग स्वामी' म्हणूनच ओळखले गेले. मायने दशम्या बांधून दिल्या. बायको म्हणाली, "तिथून तरी सुधरून या."

आता शिकण्याचं. पहिला धडा कोरड्या वाळूवरच होतो, आणि भाऊच्या मते आपला माणूस इथेच बाजी मारतो. फळीवर पालथं पडायचं, दोन्ही हातांनी वल्ही मारल्यासारखी वाळू मागे सारायची, मग छातीजवळ तळवे टेकून एका झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली घेऊन उभं राहायचं. याला पॉप-अप म्हणतात. गुडघा टेकून, मग कमरेला हात लावून, मग 'अरे देवा' म्हणून उठणं याला पॉप-अप म्हणत नाहीत. भाऊला हा फरक समजायला सकाळ गेली.

मग पाणी. शिकाऊ माणसाला आठ-नऊ फुटांची मऊ फोमची फळी देतात, म्हणजे ती डोक्यात बसली तरी फार लागू नये. मागच्या पायाच्या घोट्याला तिची दोरी बांधलेली असते. पडताना सपाट पडायचं आणि वर येताना डोकं हातांनी झाकायचं, हे पढवून घेतात. खऱ्या, न फुटलेल्या लाटेवर नवख्याला कोणी सोडत नाही. लाट फुटली की तिचा पांढरा फेस किनाऱ्याकडे धावतो, त्यात याला पालथा घालतात आणि शिकवणारा मागून फळी ढकलतो. तेव्हा पहिल्या दिवसाची लाट निम्मी समुद्राची आणि निम्मी शिकवणाऱ्याच्या दंडाची. भाऊच्या रीलमध्ये दंड दिसत नाही. मोबाइलच्या चौकटीचा तेवढा अभ्यास त्याने जाण्याआधीच केला होता.

तिथली पोरं त्याला वाघांबद्दल विचारायची. पांढरकवडा देशाला माहीत झालं ते 2018 साली, नरभक्षक ठरलेल्या अवनी वाघिणीमुळे. टिपेश्वरच्या जंगलाकडून रात्री मोटरसायकलवर एकटा येणारा हा गडी तिथे वीर ठरला, आणि दुसऱ्याच दिवशी पायाला काहीतरी बुळबुळीत लागलं म्हणून बोंबलत किनाऱ्यावर आला. निघाली प्लास्टिकची पन्नी. भाऊ अजूनही तिला जेलीफिश म्हणतो.

परत आल्यावर खरा उपद्रव सुरू झाला. फळीवर कोणता पाय पुढे राहणार हे ओळखायची एक युक्ती असते. माणसाला बेसावध असताना मागून हळूच ढकलायचं, सावरायला जो पाय आधी पडेल तो पुढचा. डावा पुढे तो रेग्युलर, उजवा पुढे तो गूफी. भाऊने गाव तपासायला घेतलं. बस स्टँडवर, रसवंतीपुढे, बँकेच्या रांगेत. एका निवृत्त तलाठी काकाजींना त्याने ठेल्यासमोर ढकललं.

"काऊन रे पोट्ट्या, डोकं फिरलं का तुयं?"

"काकाजी, तुमी गूफी हाय जी!"

"तुया बाप गूफी!"

चार दिवसांनी काकाजी दुकानात आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, गूफी म्हणजे चांगलं का वाईट?

फळीवर पाय घसरू नये म्हणून मेण घासतात. भाऊने नारळाच्या वासाची एक वडी आठवण म्हणून आणली होती. आश्रमातून आलेली, नारळाचा वास येणारी वडी! मायने ती देवघरात ठेवली. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला तेव्हा ती विरघळून ताम्हनात पसरली, आणि नैवेद्य पावला म्हणून मायने शेजारणींना बोलावून दाखवलं. भाऊ गप्प राहिला. त्याच्या आयुष्यातली ती एकमेव वेळ असावी.

दुकानात बियाण्यांच्या पोस्टरशेजारी आता ड्यूक कहानामोकूचा फोटो आहे. हवाईचा हा माणूस 1912 च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यातलं सुवर्ण जिंकला आणि सर्फिंग त्याने जगभर पोचवलं. तेलंगण जवळ असल्यामुळे गिऱ्हाइकं विचारतात, "तेलुगू पिक्चरमधला हाय का?" 2025 च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळला कांस्यपदक मिळालं, त्या दिवशी भाऊने पेढे वाटले. लोकांनी बायकोचं अभिनंदन केलं.

पुन्हा जायचं मात्र जमत नाही, आणि इथे मला त्याची खरोखर कीव येते. ज्या मोसमी वाऱ्यावर इथली पराटी जगते, तोच वारा तिकडे अरबी समुद्र खवळवतो. जूनच्या तोंडावर मंगळुरूजवळच्या ससिहित्लूला कसलेल्यांच्या स्पर्धा रंगतात, तेव्हा इकडे बियाण्यांसाठी दुकानापुढे रांग असते. नवख्याला समुद्र नीट वागवतो तो पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे. तेव्हा शेतात सीतादहीची पूजा होते, कापसाची वेचणी सुरू होते आणि वर्षाच्या उधारीमागे हिंडायचे दिवस येतात. राहिले फेब्रुवारी ते मे. त्यात लग्नसराई, आणि सासरचं प्रत्येक लग्न जवळचं.

म्हणून तो दुकानातच सर्फिंग करतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तखतावर पालथा पडतो, हात मारतो, झटक्यात उठतो. तखत कुरकुरतं. आलेल्या शेतकऱ्याला तो दम लागलेल्या आवाजात समजावतो, "लाट पाठीवर आल्यावर हात मारून काही फायदा नाही. ते यायच्या आंधीच वेग घ्या लागते."

"बोंडअयीचं बी तसंच हाय भाऊ," शेतकरी म्हणतो. "दिसल्यावर फवारून काय फायदा? तुमीच तं सांगतलं, कामगंध सापळे आंधी लावा म्हणून."

"हाव ना! तेच तं म्हणून रायलो!"

"मंग देता का सापळे? उधारीवर?"

"कधीपर्यंत?"

"चुकारा येईपर्यंत."

भाऊने वही काढली, नाव लिहिलं, सापळ्यांची पिशवी हातात दिली, आणि गडी पायरी उतरायला वळला तसं त्याला मागून हळूच ढकललं.